साडेसातशे तास: अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होताना

एफएनपीला, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला, प्रवेश घ्यायचं मनात आलं की चौकशी सुरू होते ती फीपासून. एका क्रेडिटला किती डॉलर, ऑनलाइन आहे का, नोकरी सांभाळून जमेल का. हे सगळं विचारायलाच हवं. पण हा सगळा रस्ता पायाखालून घातल्यावर मला वाटतं, युनिव्हर्सिटीला पहिला फोन कराल तेव्हा आधी हे विचारा: क्लिनिकलसाठी प्रिसेप्टर तुम्ही देणार की मी शोधायचा? (क्लिनिकल म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतचं शिक्षण, प्रिसेप्टर म्हणजे तिथे तुम्हाला शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर.) पुढची दोन-तीन वर्षं सुखाची जाणार की घोर लावणार, हे त्या उत्तरावर ठरतं. बाकीचं सगळं, अगदी फार्माकॉलॉजीसुद्धा, बसून अभ्यास केला की पदरात पडतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, पेशंट तपासते, रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे सांगते, निदान करते आणि स्वतःच्या सहीने औषध लिहून देते. १९६५ साली कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज एनपीचे बरेच प्रकार आहेत: फॅमिली, बालरोग, मानसोपचार, स्त्रीआरोग्य, नवजात, प्रौढ आणि वृद्ध. यातल्या फॅमिली एनपीकडे तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळे येतात, पण ते ओपीडीत. इथे एक चूक फार जणी करतात. आयसीयूत वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, पुढेही वॉर्डातच राहायचं असतं, आणि प्रवेश मात्र एफएनपीला घेतात, कारण त्याचे प्रोग्राम गल्लोगल्ली आहेत. २००८ साली ठरलेल्या राष्ट्रीय मॉडेलनंतर राज्यं आणि हॉस्पिटलं नेमकं कोणत्या गटाचं शिक्षण झालंय हे बघू लागली आहेत. व्हेंटिलेटरवरचे पेशंट बघायचे असतील तर ॲक्यूट केअरचा, म्हणजे गंभीर आजारी पेशंटच्या उपचारांचा, प्रोग्राम घ्यावा. एफएनपी होऊन नंतर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करत बसणं म्हणजे पुन्हा क्लिनिकलचे तास आणि पुन्हा प्रिसेप्टरची शोधाशोध.

महाराष्ट्रातून आलेल्यांचा पाया असा लागतो: चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, किंवा जीएनएम या डिप्लोमानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास होऊन मिळालेला इथला आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचा, परवाना. नुसत्या जीएनएमवर काही राज्यांत आरएन होता येतं, पण त्यावर थेट मास्टर्सला घेणारे प्रोग्राम थोडे. बहुतेकींना मधे आरएन-टू-बीएसएन हा पदवी पुरी करणारा कोर्स करावा लागतो.

कागदपत्रांत वेळ जातो तो ट्रान्सक्रिप्टपायी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मार्कशीट तुमच्या हातात असून उपयोग नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, म्हणजे डब्ल्यूईएसला किंवा सीजीएफएनएसला, ती थेट कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून पोचावी लागते. सीजीएफएनएसचं नाव आता ट्रूमेरिट झालंय, तेव्हा जुन्या नावाने शोधून गोंधळू नका. आरएनच्या वेळी मूल्यांकन करून घेतलं असेल, तरी एमएसएनसाठी, म्हणजे नर्सिंगच्या मास्टर्ससाठी, प्रत्येक विषयाचं वेगळं मूल्यांकन मागतात. ते पहिल्याच वेळी करून घेतलं तर कॉलेजच्या ऑफिसात दुसऱ्यांदा कुणाला पाठवावं लागत नाही. दुसरी अडचण खास आपली आहे, नावाची. मार्कशीटवर माहेरचं नाव, कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं. इथल्या कॉम्प्युटरला ही चार वेगळी माणसं वाटतात आणि फाईल अडकते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत सुरुवातीलाच स्कॅन करून ठेवा, आणि पुढे सगळीकडे एकच नाव चालवा. आरएनचा परवाना, प्रवेश, सर्टिफिकेशनची परीक्षा, ओळखपत्र, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच. परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्रातलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

टक्क्यांना घाबरू नका. बहुतेक प्रोग्रामना ४ पैकी ३.० जीपीए लागतो, पण आपल्याकडचे साठ-बासष्ट टक्के म्हणजे इथले साठ टक्के नव्हेत. संस्था ते आपल्या विद्यापीठाच्या श्रेण्या बघून बदलून देते. संख्याशास्त्राचा पदवी स्तरावरचा एक कोर्स मात्र पुष्कळ ठिकाणी लागतो आणि तो आपल्या मार्कशीटवर वेगळा दिसत नाही. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात करून टाकावा. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी तुमचं काम रोज बघणाऱ्या नर्स मॅनेजरचं किंवा एनपीचं हवं. उद्देश-निबंधात लहानपणापासून सेवेची आवड होती असं लिहू नका. कोणत्या वस्तीत, कोणत्या पेशंटसाठी काम करायचंय आणि तुमच्या आरएनच्या अनुभवातलं काय तिथे उपयोगी पडेल, ते लिहा. व्हिसाबद्दल इतकंच: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण ऑनलाइन प्रोग्राम चालत नाही, एका सत्रातला एकच ऑनलाइन कोर्स पूर्णवेळ शिक्षणात धरतात. म्हणून बहुतेक मराठी नर्सेस आधी आरएन म्हणून ग्रीन कार्डवर स्थिर होतात आणि मग याला हात घालतात.

पैशांचं. नोकरीच्या ठिकाणी ट्यूशनची मदत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. तिच्या बदल्यात किती वर्षं तिथे बांधून घेतात, ते सही करण्याआधी वाचावं. पूर्वी उरलेला खर्च केंद्र सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून भागायचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं, म्हणून आता आधी हिशेब मांडून मगच प्रोग्राम निवडणं भाग आहे. नर्स कोअर नावाची सरकारी योजना मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम केल्यावर नर्सिंग शिक्षणाच्या थकीत कर्जातले साठ टक्के फेडते. निवड स्पर्धेतून होते, पण अर्ज करायलाच हवा.

ऑनलाइन प्रोग्राम निवडताना आणखी एक खाचखळगा. युनिव्हर्सिटी एका राज्यात, तुम्ही दुसऱ्या राज्यात. तुमच्या राज्यात क्लिनिकल घ्यायची तिला परवानगी आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर राज्यवार यादीत दिलेलं असतं. यादी वाचून थांबू नका, ईमेलवर लेखी उत्तर घ्या. मधेच राज्य बदललं, नवऱ्याची बदली झाली, तर हाच मुद्दा पुन्हा डोकं वर काढतो. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे ना, तेही बघा. मान्यता नसलेल्या प्रोग्रामची पदवी घेऊन सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येत नाही. आणि डीएनपीशिवाय, म्हणजे नर्सिंगमधल्या डॉक्टरेटशिवाय, आता चालत नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. २०२५ पर्यंत एनपीचं शिक्षण डॉक्टरेट पातळीवर न्यावं असं एनपी शिक्षकांच्या संघटनेने २०१८ साली म्हटलं होतं, पण तो कायदा झाला नाही. एमएसएन करून आजही परीक्षा देता येते आणि परवाना मिळतो.

क्लिनिकल सुरू होण्याआधी आरोग्याचे कागद लागतात: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीची मोजणी. आपल्या लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड क्वचितच कुणाकडे असतं, तेव्हा थेट टायटरच करावे. हिपॅटायटिसचा टायटर कमी आला तर बूस्टर किंवा पुन्हा तीन डोस, आणि त्या तीन डोसांना सहा महिने लागतात. म्हणून हे शेवटच्या सत्रावर ढकलू नये. क्षयाच्या तपासणीला कातडीत टोचायची चाचणी मागतील. आपल्याला बीसीजी दिलेली असते, त्यामुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे आणि कागदांची रांग. पहिल्यापासून रक्तातली चाचणी, क्वांटिफेरॉन, मागून घ्या. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

आता अभ्यास. पहिल्या वर्षात थिअरी, संशोधन, आरोग्य धोरण असे विषय असतात. बुधवारपर्यंत चर्चेचं पहिलं टिपण, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, आणि प्रत्येकाखाली एपीए पद्धतीचे संदर्भ. यात वेळ जातो, जीव जात नाही. खरी कसोटी तीन विषयांची: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी. सगळीकडे यांना थ्री पीज म्हणतात. आठवड्याला बारा तासांच्या तीन ड्यूट्या करून हे तीनपैकी दोन एका सत्रात घेतले की काहीतरी बुडतं, झोप तरी किंवा मार्क तरी. आणि बहुतेक ठिकाणी सी आला की कोर्स पुन्हा करावा लागतो.

फार्माकॉलॉजीत औषधांच्या याद्या पाठ करण्यात हशील नाही. गटागटाने जावं. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली रक्तदाबाची औषधं सगळी एकाच घरातली: कोरडा खोकला, ओठ-जीभ सुजण्याचा धोका, पोटॅशियम वाढतं, गर्भारपणात बंद. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाआधी ईजीएफआर, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, बघायचा. ३० च्या खाली देत नाहीत आणि ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. प्रत्येक गटासाठी माझ्या वहीत पाच ओळी असायच्या: कधी द्यायचं, कधी मुळीच नाही, सुरुवातीचा डोस, आधी आणि नंतर कोणती रक्ततपासणी, पेशंटला घरी काय सांगायचं. परीक्षेचे प्रश्न याच पाच ओळींवर येतात, आणि पेशंटचेही.

आरएनच्या सवयी मोडायला मात्र पुस्तक पुरत नाही. आपल्याला बघायचं आणि कळवायचं हे शिकवलेलं असतं. 'पेशंटला तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला, ताप नाही, डॉक्टरांना कळवलं.' इथपर्यंत नर्सची नोंद. एनपीच्या नोंदीत त्यापुढे लिहावं लागतं: लिसिनोप्रिल दीड महिन्यापूर्वी सुरू झालंय, फुप्फुसं साफ, वजन घटलेलं नाही, रात्री घाम नाही, सिगारेट नाही, पहिला संशय औषधाचा, नंतर नाकामागून गळणारं पाणी, आम्लपित्त, खोकल्याच्या रूपातला दमा, लिसिनोप्रिल बंद, त्याऐवजी लोसार्टन, चार आठवड्यांनी पुन्हा बघणे, रक्त पडलं किंवा धाप लागली तर आधी. यातलं काय नाकारलं आणि का, हे लिहिता येणं म्हणजेच हा कोर्स. पहिल्या सत्रात सगळ्यांच्या नोंदीत लक्षणं भरपूर आणि निर्णयाचा रकाना रिकामा असतो. प्रिसेप्टरने विचारायच्या आधी स्वतः एक निदान आणि दोन पर्याय बोलून टाकायचे, चुकले तरी चालतील. गप्प राहिलेली विद्यार्थिनी शिकत नाही.

आणि आता प्रिसेप्टर. २०२२ मध्ये एनपी शिक्षणाचे नवे राष्ट्रीय निकष आले आणि प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान तास ५०० वरून ७५० झाले. सिम्युलेशन लॅबमधले तास यात धरत नाहीत, जेवणाची सुट्टी धरत नाहीत, नुसतं मागे उभं राहून बघणंही धरत नाहीत. आठवड्याला दोन दिवस आठ-आठ तास केले तर ७५० ला सत्तेचाळीस आठवडे लागतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या तीन सत्रांहूनही जास्त. हा हिशेब कागदावर मांडला की कळतं, क्लिनिकलच्या वर्षात पूर्णवेळ नोकरी का टिकत नाही. क्लिनिकं सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. आपल्या ड्यूट्या शनिवार-रविवारी आणि रात्रीच्या करून घेता येतात का, हे मॅनेजरशी आधीच्या सत्रातच बोलून ठेवावं.

प्रिसेप्टर एनपी, एमडी किंवा डीओ (हे दोन्ही डॉक्टरच) असतो; फिजिशियन असिस्टंट काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. नातेवाईक चालत नाही, स्वतःचा साहेब सहसा चालत नाही. एनपी असेल तर त्याचं सर्टिफिकेशन कोणत्या गटाचं ते बघतात. हॉस्पिटलातल्या ॲक्यूट केअर एनपीकडचे तास फॅमिलीसाठी नाकारले जातात. अर्जंट केअरच्या तासांना मर्यादा असते. मोठ्यांचे तास मिळतात. अडतं ते बालरोग आणि स्त्रीआरोग्यापाशी. म्हणून शोध उलट्या क्रमाने करावा: आधी मुलांचं क्लिनिक, मग स्त्रियांचं, मोठ्यांचं सगळ्यात शेवटी. सत्र सुरू होण्याच्या सहा ते नऊ महिने आधी.

प्रिसेप्टरला विचारायला जाताना एका पानाची माहिती पुरते. त्यात तुमचं नाव आणि आरएनचा अनुभव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, आठवड्याचे कोणते वार, कोणत्या वयाचे पेशंट, युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकल कोऑर्डिनेटरचा फोन आणि विद्यार्थ्यांच्या विम्याचं प्रमाणपत्र. ईमेल वाचले जात नाहीत. प्रत्यक्ष जाऊन ऑफिस मॅनेजरला भेटायचं, पण सोमवारी सकाळी नाही. साखळी हॉस्पिटलांचे दरवाजे ठरावीक युनिव्हर्सिट्यांनाच उघडे असतात. एक-दोन डॉक्टरांची खासगी क्लिनिकं लवकर हो म्हणतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास किंवा जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे भारतीय डॉक्टरांची अशी क्लिनिकं पुष्कळ आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या डॉक्टरांना विचारायला मुळीच लाजू नये. फार तर नाही म्हणतील.

हो म्हणाले की काम झालं असं समजू नका. युनिव्हर्सिटी आणि क्लिनिक यांच्यात करार व्हावा लागतो, त्यात नुकसानभरपाईच्या कलमावर दोन्हीकडच्या वकिलांचं घोडं अडतं, आणि महिना-दोन महिने कागद तसाच पडून राहतो. कराराची तारीख सत्राच्या पहिल्या दिवसाच्या आत बसली नाही तर ते सत्र गेलं. दर आठवड्याला कोऑर्डिनेटरला एक नम्र ईमेल, तारखेसकट, पाठवत राहायचं. दुसरा धोका म्हणजे सत्राच्या मधेच प्रिसेप्टर नोकरी सोडतो. म्हणून तासांवर सही आठवड्याच्या आठवड्याला घ्यायची, शेवटी एकदम नाही. निघून गेलेल्या माणसाची सही मिळत नाही आणि न सही केलेले तास मोजले जात नाहीत. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांच्याकडे जावं लागलं तर पैसे भरण्यापूर्वी युनिव्हर्सिटी तो प्रिसेप्टर मान्य करते का ते लेखी घ्या. माझं स्पष्ट मत असं की वीस-पंचवीस टक्के फी जास्त असली तरी प्रिसेप्टर स्वतः देणारा प्रोग्राम स्वस्त पडतो. विद्यार्थिनीने पूर्ण फी भरायची आणि वर शिक्षकही तिनेच शोधून आणायचा, हा अन्यायच आहे, आणि तो अन्याय आहे असं प्रवेशाच्या मुलाखतीत बोलून दाखवायला हरकत नाही.

क्लिनिकमधला एक प्रसंग सगळ्यांच्याच वाट्याला येतो, तो जवळून दाखवते. अठरा महिन्यांचं मूल, रात्रीपासून ताप, कान ओढतंय. आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून आडवं बसवायचं. आईचा एक हात मुलाच्या डोक्यावर, दुसरा त्याच्या दंडांवर. ऑटोस्कोप, म्हणजे कान बघायचं उपकरण, पेनासारखा धरायचा आणि हाताची कड मुलाच्या गालावर टेकवायची. मुलाने डोकं हलवलं तर हातही त्याच्यासोबत हलतो आणि टोक कानात रुतत नाही. कानाची पाळी लहान मुलात खाली आणि मागे ओढायची, मोठ्यात वर आणि मागे. कानात घालायचं टोक, म्हणजे स्पेक्युलम, बसेल तितका मोठा घ्यायचा, लहान घेतला की अंधार दिसतो. आत पडदा लाल दिसला म्हणून लगेच संसर्ग म्हणायचं नाही, रडूनही पडदा लाल होतो. बघायचं ते तो बाहेर फुगलाय का आणि मागे पिवळट पू दिसतोय का. फुगलेला असेल तर अमॉक्सिसिलिन.

आता वजन. काट्यावर २२ दिसतं, पण ते पाउंड आहेत. २.२ ने भागलं की दहा किलो. किलोला रोज ९० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ९००, दोन वेळांना वाटून ४५० एका वेळी. बाटलीवर ५ मिलीत ४०० असं असेल तर एका वेळचे ५.६ मिली, दोन वर्षांखालच्या मुलाला दहा दिवस. पाउंडाला किलो समजून बसलं तर डोस दुपटीहून जास्त जातो. प्रिसेप्टर डोस विचारतो तेव्हा उत्तराआधी त्याला 'किती किलो?' हे ऐकायचं असतं. आईला चहाचा चमचा सांगायचा नाही, केमिस्टकडून मिलीच्या खुणांची सिरिंज घ्यायला सांगायची.

लसीकरणाचं वेळापत्रक आपल्या डोक्यात भारतातलं बसलेलं असतं. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनी, इथे एमएमआर बारा महिन्यांनी. बीसीजी इथे नाहीच. परीक्षेत नेमकं इथेच हात सवयीने चुकीच्या पर्यायाकडे जातो. उलट काही ठिकाणी आपलं घरचं ज्ञान कामाला येतं. काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं, धातूंची भस्मं असलेल्या काही आयुर्वेदिक गोळ्यांतही, आणि आपल्या लोकांना ते 'औषध' वाटत नाही म्हणून औषधांच्या यादीत सांगत नाहीत. 'घरून काही आणलंय का, आजीने दिलंय का?' असं विचारलं की सांगतात. मधुमेहाची तपासणी इथे इतरांना बीएमआय २५ पासून सुचवतात, आशियाई वंशाच्या लोकांना २३ पासून. साडेतेवीस बीएमआयचा मराठी पेशंट शरीराने बारीक दिसतो आणि म्हणूनच सुटतो. तो सुटू देऊ नये.

प्रत्येक पेशंटची नोंद लॉगमध्ये करायची असते, बऱ्याच ठिकाणी टायफॉन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये: वय, किती मिनिटं, निदानाचा आयसीडी-१० कोड, तुम्ही स्वतः किती केलं आणि प्रिसेप्टरने किती. पेशंटचं नाव कधीही नाही. हे त्याच संध्याकाळी भरावं. आठवड्याने भरायला बसलं की सगळे खोकले सारखे वाटतात. लॉगमधून अर्ध्या सत्रातच कळतं की मुलांचे तास कमी पडतायत. तेव्हाच बोललं तर दुरुस्त होतं.

शेवटची परीक्षा दोन संस्थांपैकी कुणाचीही द्या, परवाना दोन्हींवर मिळतो. एएएनपीसीबीची १५० प्रश्नांची, तीन तासांची, पूर्ण क्लिनिकल. पास झालं की नावापुढे एफएनपी-सी. एएनसीसीची १७५ प्रश्नांची, साडेतीन तासांची, त्यात संशोधन, धोरण, कायदा असे प्रश्नही, नावापुढे एफएनपी-बीसी. पहिलीत १५ आणि दुसरीत २५ प्रश्न मोजलेच जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही, म्हणून एखादा अगम्य प्रश्न आला तर त्यावर अडून राहायचं नाही. पाठांतर चांगलं असेल आणि संशोधन-धोरणाचे विषय आवडत नसतील तर पहिली. पदवीनंतर दोन-तीन महिन्यांच्या आत द्यावी. जितका उशीर, तितकं विसरणं. नापास झाल्यावर पहिलीसाठी कच्च्या विषयात पंधरा तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, दुसरीसाठी साठ दिवस थांबावं लागतं. दोन्ही सर्टिफिकेशनं पाच वर्षांनी नवी करायची असतात.

पास झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी पेशंट बघता येत नाहीत. राज्याचा एपीआरएन, म्हणजे प्रगत नर्सचा, परवाना, मग मोफत मिळणारा एनपीआय हा ओळख क्रमांक, मग नियंत्रित औषधांसाठी केंद्राच्या डीईए या खात्याची नोंदणी, तीन वर्षांना ८८८ डॉलर. तिच्यासाठी जून २०२३ पासून व्यसनाधीनतेच्या उपचारांचं आठ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. हे तास अभ्यासक्रमातच झाले आहेत असं पत्र युनिव्हर्सिटी देते का ते पदवीआधी विचारून घ्या. मग विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढायला आणखी साधारण तीन महिने. राज्याराज्यांत फरक मोठा आहे. टेक्ससमध्ये डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय औषध लिहिता येत नाही, आणि शेड्यूल दोनची, म्हणजे व्यसन लागण्याचा धोका फार असलेली, औषधं हॉस्पिटल किंवा हॉस्पिस सोडून लिहिता येत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तास झाले की करार लागत नाही. कितीतरी राज्यांत पहिल्यापासून काहीच लागत नाही. कुठे राहायचं हे ठरवताना हे बघा. आणि हे सगळे अधिकार इथलेच. भारतात परत गेल्यावर एफएनपी म्हणून प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. तिथे भारतीय उपचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे आणि उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, पण त्यांची चौकट वेगळी आहे.

पहिल्या नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, व्यावसायिक विमा कोणत्या प्रकारचा: 'ऑकरन्स' असेल तर नोकरीच्या काळातल्या घटनेवर नंतर दावा झाला तरी संरक्षण मिळतं, 'क्लेम्स-मेड' असेल तर नोकरी सोडताना शेपटीचा विमा, ज्याला टेल म्हणतात, लागतो, आणि त्याचे पैसे कोण भरणार हे आधीच ठरायला हवं. दोन, पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला किती पेशंट. नव्या एनपीला आठ ते दहापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत नेणारी जागा शोधा, आणि पहिल्याच आठवड्यात वीस पेशंट देणारी जागा पगार जास्त असला तरी सोडून द्या. कोणत्या खोलीत, कोणत्या डॉक्टरला लगेच हाक मारता येईल, हेही मुलाखतीच्या दिवशी प्रत्यक्ष बघून या.